रिकामी गव्हाण

परवा आंब्याची पेटी उघडली आणि पेंढ्याचा वास आला. लोकांना त्या वासाने कोकण आठवतं. मला सिंगापूरमधला, वुडलँड्सचा आमचा पहिला फ्लॅट आणि शेजारच्या अ‍ॅग्नेस आंटी आठवतात.

आम्ही बौद्ध. ख्रिसमस म्हणजे ऑर्चर्ड रोडवरची रोषणाई, एवढंच मला ठाऊक. त्या डिसेंबरात आंटींनी त्यांच्या दारापाशी येशूजन्माचा मातीचा देखावा मांडला होता. मेंढ्या होत्या, मेंढपाळ होते, बाळाचे आईवडील होते. मधली गव्हाण मात्र रिकामी, आत नुसता पेंढा. नुकतीच बाळंत झालेली मी, मला ते बघवेना. "आंटी, बाळ हरवलं का?" मी विचारलं. त्या हसून आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या, "हरवलं नाही, लाह! अजून यायचंय."

नाताळच्या सकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं. त्यांची मुलं सगळी पर्थला, घरी त्या एकट्याच. तळहातावर बोटाएवढं मातीचं बाळ होतं. "घरातल्या सगळ्यात धाकट्याने याला ठेवायचं असतं," म्हणाल्या. "तुझ्या छकुलीला आण."

माझ्या दीड महिन्याच्या लेकीने ते बाळ मुठीत धरलं ते सोडेचना. मी तिची बोटं उकलायला गेले, तर आंटींनी माझा हात धरला. "थांबू या." लेकीची मूठ गव्हाणीवर धरून आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. मला मोठ्याने श्वाससुद्धा घेववेना. हळूहळू लेकीला झोप लागली, मूठ आपोआप सैलावली आणि मातीचं बाळ अलगद पेंढ्यात उतरलं.

तेव्हा वाटलं होतं, आंटींनी आमचं बाळ घटकाभर मागून नेलं. आता त्यांचे शब्द आठवतात. घरातलं सगळ्यात धाकटं, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते न्यायला थेट आमच्या दारात आल्या होत्या.