यशोधराबाईंचा रंगवलेला दिवस

यशोधराबाईंइतकी डोकं फिरवणारी बाई मी नागापूरच्या एमआयडीसीत दुसरी पाहिली नाही. त्या कधी भांडत नसत, हाच त्यांचा दोष. तुम्ही तावातावाने कितीही बोला, त्या चष्मा पुसत "बघू" म्हणणार.

सत्त्याण्णव साली आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, एसी, आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम. देवाचीसुद्धा इतकी बडदास्त नाही! आत आम्ही दोघंच. माझी दोन बोटं पत्रा कापायच्या प्रेसमध्ये गेली तेव्हा मला शॉपवरून, म्हणजे यंत्रांच्या शेडमधून, इथे आणलं होतं. कुणी कोणता माल किती काढला याची तेलकट जॉबकार्डं मी मोठ्याने वाचायची आणि बाईंनी कागदाकडे न बघता टाइप करायचं. दिवसभर माझा घसा आणि त्यांची बोटं.

मालक काकासाहेबांना शंका आली की या गार खोलीत नुसत्या गप्पा चालतात. कॉम्प्युटरवर दिवसभर काय होतं ते दाखवा, म्हणाले. बाईंनी वेळा आणि कामं अशी लांबलचक यादी छापून दिली. साहेबांनी ती अर्धी वाचून फेकली. "एका नजरेत दिवस दिसला पाहिजे!"

मग बाई चौकटीच्या कागदावर रेघा मारत बसल्या. कधी दिवस उभा मांडायच्या, कधी तासागणिक तोडायच्या, पुन्हा खोडायच्या. शेवटी त्यांनी सगळा दिवस आडवा झोपवला. वर तास, खाली एक सलग पट्टी. नवीन नोंद हिरवी, बिलं निळी, चुकांची दुरुस्ती लाल, कॉम्प्युटर बंद असेल तिथे कोरं. छापून आलं की स्केचपेनने रंगवायच्या. शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं ते स्वच्छ होतं.

साहेब खूश झाले आणि लगेच म्हणाले, "यात सगळीकडे बाईच आहेत. मच्छिंद्र करतो काय?" उद्या बाईंनी एकटीने काम करून बघायचं, जमलं तर मला घरी पाठवायचं, असं ठरलं.

बाहेर येताच मी बाईंवर उखडलो. "माज्या नावाची एक रेघ घाला की! पेनं तुमच्याच हातात हायत न्हवं?"

"मशीनला कळलं तेवढंच यात आहे, भाऊ. मनाने एक रेघ मारली तर सगळीच खोटी पडेल."

"आवो, तुमच्या खऱ्यापायी माजी भाकर चालली!"

"बघू," म्हणाल्या. कपाळ!

दुसऱ्या दिवशी मी गेटवर बसून राहिलो. तीन बोटांच्या हाताला शॉपवर कोण घेणार, आणि गावी कर्जतला जाऊन घरी काय सांगणार? चहावाल्यावरसुद्धा मी उगाच खेकसलो.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. निकाल ऐकायचाच, म्हणून गेलो. टेबलावर त्या दिवसाची पट्टी होती. हिरवं तुटक तुटक, मध्ये लालच लाल, निळं तर नव्हतंच. कागदाकडे मान, पडद्याकडे मान असं करताना बाईंच्या ओळी सुटल्या होत्या, आकडे खालीवर झाले होते. त्यातलं काहीच त्यांनी लपवलं नव्हतं.

"एवढं लाल कसलं हे?" साहेब ओरडले.

"मच्छिंद्रभाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते असले की दिसत नाहीत, साहेब. नसले की एवढे दिसतात."

साहेबांनी त्या लाल पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. मला बरं वाटलं, आणि रागही आला. हे काल बोलायला या बाईला काय झालं होतं?

"उद्या सकाळी कुठली कार्डं वाचायला घेताय?" साहेबांनी मला विचारलं.

"आजचीच," मी म्हणालो. "समदी, पयल्यापासनं."