दादांचा मराठी कागद

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. परभणीत एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. निजामाच्या अमलात उर्दू शिकले, उर्दूतच नोकरी केली. त्यांचं अक्षर बघायला दुसऱ्या कचेरीतले लोक येत. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण मराठी लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि ती वेळ आली. दादांनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

मी पिंगळीच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. संध्याकाळच्या गाडीनं घरी आले की दादा कागद घेऊन बसलेले असत. "माय, जरा नजर टाक," म्हणत. मी चुका दाखवायची, ते खाली मान घालून पुन्हा सगळं उतरून काढत.

एका रविवारी शाळेतल्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या. दादांनी बिचकत कागद पुढं केला. कुठल्याशा गावच्या विहिरीबद्दल लिहिलं होतं. काय अंगात आलं कोण जाणे, मी तो मोठ्यानं, त्यांनी लिहिला होता तसाच वाचला. 'पिन्याच्या पान्याची सोय न्हाई.' मैत्रिणी हसल्या. मी तर पोट धरून हसले, आणि वर म्हणाले, "दादा, माझ्या वर्गातली लेकरं याहून बरं लिहितात."

दादाही हसले. कागदाची घडी करून खिशात ठेवली. "खरं हाय तुजं," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला एकही कागद दाखवला नाही. मी विचारलं तर "झालं की," एवढंच. काही महिन्यांनी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. आईला म्हणाले, "दम लागायलाय, आता जमत न्हाई." दमा त्यांना होताच. पण मला कळायचं ते कळलं, आणि ते मी कुणाजवळ बोलले नाही.

दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी आई दळण आणायला गेली होती. मी त्यांच्या पायांशी बसले. "दादा, त्या दिवशी मी लय वाईट वागले," म्हणाले.

आढ्याकडं बघत दादा थांबत थांबत सांगू लागले. निजामाच्या अमलात झरीकडचा एक धनगर कचेरीत आला होता. त्याची मेंढरं कोंडवाड्यात अडकली होती. कुणाकडून तरी मराठीत अर्ज लिहून आणलेला.

"मी त्यो कागद फेकला. म्हणलं, ही काय कोंबडीची पावलं? उर्दूत आण. सगळी कचेरी हसली. मला लय मोठं झाल्यावानी वाटलं."

धनगर तीन दिवस उर्दू लिहिणारा शोधत फिरला. तोवर कोंडवाड्यात त्याची चार कोकरं मेली.

नोकरी सोडल्यावर दादा त्याला शोधत झरीला गेले होते. आम्हाला सांगितलं होतं, देवाला जाऊन येतो.

"त्यानं मला वळखलं. मी हात जोडले. त्यो म्हणला, उनाचं आलाव, आदी पानी प्या. मग शेजारी बसून राहिला. कोकरांचं त्याच्या मनात होतं, मला दिसत होतं. पर काढलं न्हाई त्यानं." दादांनी दम घेतला. "तू हसलीस तवा राग न्हाई आला, माय. त्यो धनगर आठवला. असंच लागलं असंल त्याला. माज्या मनात तुजं काही न्हाई. तू बी ठेवू नको."

त्या श्रावणात दादा गेले. ठेवू नको, ते म्हणून गेले. मला ते साधेना. दिवस घातले, लोक येऊन गेले, माझे डोळे कोरडेच होते.

पुढं थंडीत मी झरीला गेले. तो धनगर, आता म्हातारा झालेला, मेंढरांना पाला घालत होता. मी कोण ते सांगितलं, दादा गेल्याचं सांगितलं. त्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि खाली बसला.

"तुमाला लय तरास दिला होता त्यांनी," मी म्हणाले.

"दिला होता," तो म्हणाला. "पर इतक्या लांब कोन येतंय, बाई? चांगला मानूस व्हता."

तिथं, त्या परक्या माणसासमोर, मला पहिल्यांदा रडू फुटलं. त्याची बायको खोपटातून बाहेर आली. काय झालं, तिनं विचारलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. परतीची मोटार यायला वेळ होता. ती दोघं रस्त्यापर्यंत आली, आणि मोटार येईस्तोवर माझ्याजवळ उभी राहिली.