सात मीटरवरचा मका

तिचं नाव न्हान, पण कन थो शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे तिला ची हाय, म्हणजे थोरली ताई, म्हणायचे. अकरा वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. खाडीकाठच्या खोल चिखलातून जुने परागकण वेगळे करायचे आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचे, हे तिचं काम. कांदळाचे कण जास्त निघाले तर तिथं एके काळी खारफुटी. गवत आणि नेच्यांचे बीजाणू निघाले तर गोडं पाणी. जमिनीत नळी खुपसून तो चिखल आणायचा तिचा धाकटा भाऊ, ऊत.

त्या दिवशी ती खुर्ची मागे सारून ताडकन उठली. "इकडे ये. हे काय आहे, तूच सांग."

मी डोळा लावला. कांदळाच्या बारीक कणांत एक भला मोठा, गोल, एकाच भोकाचा कण.

"मका!"

"सात मीटर खोल? पाच हजार वर्षांपूर्वीच्या चिखलात?"

मका आमच्याकडे आला त्याला चारशे वर्षंही झाली नसतील. आपणच भांडी नीट धुतली नाहीत, असं तिला वाटलं. नवी भांडी, नवं आम्ल घेऊन तिनं तीनदा सगळं पुन्हा केलं. तिन्ही वेळा मका.

मग तिनं ऊतला फोन लावला.

"नळीतला सात मीटरचा तो तुकडा पाटात पडला गं, ची हाय. अर्धा वाहून गेला. मग नळीत काठचा चिखल भरला. चिखल तो चिखल!"

"काठावर काय लावलं होतं?"

"मकाच की. का?"

"असं कितीदा केलंस?"

तो हळूच म्हणाला, "पावसाळ्यात हातातून निसटतंच. वर्षाला एक-दोनदा."

तिनं फोन ठेवला.

"आई गेल्यावर याला मी भात भरवला," ती म्हणाली, "आणि हा मला चिखल भरवत होता."

"सरांना इतक्यात सांगू नकोस," मी म्हणालो. " तुझ्या मोजणीवरून काढलेला जुन्या किनाऱ्याचा नकाशा छापायला गेलाय."

"म्हणून तर आजच सांगायचं."

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर ऐकून उभेच राहिले. "खोट्या नळ्या कुठल्या कुठल्या?"

"तेच तर कळत नाही, सर."

नकाशा परत मागवला. ऊतचं काम गेलं. पाऊस सरल्यावर पन्नाशीची ची हाय स्वतः त्याच जागी गुडघाभर चिखलात उतरली. सात मीटरवरचा नवा तुकडा तिनं कुणाला शिवू दिला नाही. त्यात नुसतं कांदळच निघालं.

"म्हणजे नकाशा इथं तरी बरोबर होता!" मी म्हणालो.

"आणि बाकीच्या ठिकाणी?"

आईच्या श्राद्धाला ऊत आला. तिनं त्याला वाढलं, दुसऱ्यांदा भातही घातला. बोलली मात्र नाही.