मामाजींची बंडी आणि वजनकाटा

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, अल्लीपूरला वांगी पिकवतात. किडन्या थकल्यापासून मी त्यांना एसटीनं वर्ध्याला डायलिसिसला नेते. घरी त्यांच्या पाण्यावर माझा कडक पहारा. स्वभावानं मी तिखटच, आणि या पहाऱ्याचा मला भारी अभिमान.

गेल्या थंडीत एकदा डायलिसिसच्या आधी मामाजी काट्यावर उभे राहिले आणि सिस्टरनं माझ्याकडे वळून पाहिलं. वजन भलतंच वाढलेलं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत वाढतं ते अंगात साठलेल्या पाण्याचं वजन, आणि तेवढं पाणी मशीन ओढून काढतं.

"पाणी जास्त झालं का हो?" तिनं विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "मामाजी, खरं सांगा, कुठं पेले पाणी?"

"घोटभर जास्त नाई पेलो, सूनबाई."

"मंग काटा खोटं बोलून राह्यला का? आज घरी गेल्यावर माठाले कुलूपच लावतो."

साऱ्या वॉर्डानं ऐकलं. मामाजींनी शाल घट्ट ओढून घेतली. मला रडू यायला लागलं. हे चोरून पाणी पीत असतील आणि उद्या दम लागला, तर मी यांना वाचवू कशी?

सिस्टरनं किती पाणी ओढायचं तो आकडा मशीनला लावला आणि बीपीसाठी शाल काढायला सांगितलं. बंडीचे दोन्ही खिसे टम्म फुगलेले. मामाजी पलंगावर टेकले तसं एक वांगं टुणकन खाली पडलं, मागोमाग दुसरं, आणि तिसरं घरंगळत शेजारच्या पलंगाखाली गेलं.

"हे काय, मामाजी?"

"सिस्टरबाईसाठी. पहिला तोडा हाय."

"मंग थैलीत काऊन नाई आणले?"

"सुया टोचते त्या हातानं ओझं उचलू नका, असं तूच म्हणतं. दुसऱ्या हातात काठी. मंग खिशात भरले."

सिस्टर हसत हसत खुर्चीतच बसली. त्या पलंगावर डायलिसिस चाललेल्या काकूंचे मिस्टर वांगं शोधायला पलंगाखाली शिरले ते तिथंच अडकले, आणि काकू हाताची सुई सांभाळत इतक्या हसल्या, की त्यांचंच मशीन बोंबलायला लागलं. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

खिसे रिकामे करून पुन्हा वजन केलं. कधी नव्हे इतकं कमी भरलं. सिस्टरनं घाईनं आकडा बदलला. वांग्यांच्या वजनाचं पाणी अंगातून ओढलं गेलं असतं, तर मामाजींचं बीपीच खाली गेलं असतं. बिचारे खरोखर तहान मारून राहिले होते. मला लाज वाटली, आनंदही झाला, आणि हसू काही थांबेना.

परतीच्या एसटीत मामाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मंग, माठाले कुलूप लावतं का?"

"लावतो ना. पण किल्ली तुमच्याच खिशात ठेवतो."

"खिशात नको," मामाजी म्हणाले. "वजन वाढन."