मेडशीला जाणाऱ्या निरोपाच्या वाटा

सत्तरच्या दशकात आमच्या वाशिममध्ये घरून बिनतारी बोलायच्या हॅम रेडिओचा परवाना असलेला मला माहीत असलेला एकच माणूस होता, आणि माझं लग्न नेमकं त्याच्याशीच झालं. हे शाळेत विज्ञान शिकवत आणि घरी आले की संचापुढं बसत. संच घरीच जुळवलेला, भंगारातून आणलेल्या व्हॉल्व्हचा. एरियलची तार आमच्या लिंबापासून शेजाऱ्यांच्या कौलांपर्यंत गेलेली. त्या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत, हा आमच्या संसारातला पहिला नियम. तिकडे अकोल्याला एक गुरांचे डॉक्टर होते, तेही याच वेडातले. दोघं रोज संध्याकाळी एकमेकांना विचारत, आवाज कसा येतोय. छान येतोय म्हटलं की दोघांनाही समाधान. याहून महत्त्वाचं काही ते बोलल्याचं मी ऐकलं नाही.

माझं माहेर मेडशी. तिथं बाबा आणि धाकटा भाऊ. वाशिमहून मेडशीला निरोप धाडायचा तर मालेगावमार्गे एसटी, आणि मालेगावच्या पुढचा नाला भरला की तीही बंद. ह्यांना हे पटत नव्हतं. गावाला एकच दार असणं हा ह्यांच्या मते मूर्खपणा होता. म्हणून ह्यांनी मेडशीसाठी दुसरं दार उघडलं. निरोप रेल्वेच्या गार्डाबरोबर जऊळक्याच्या स्टेशनवरच्या चहावाल्याकडे जाईल, तो मालेगावच्या एसटी कंडक्टरला सांगेल. ती वाट बंद असेल तर निरोप अकोल्याला डॉक्टरांकडे, आणि तिथून पातूरवरून मेडशीला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे. कुठली वाट चालू आहे हे आपण घरी बसून ठरवायचं नाही, ज्याच्या हातात निरोप आहे त्यानं ठरवायचं. शंका आली तर दोन्हीकडे द्यायचा.

निरोप तोंडी, आणि त्यात नाव नाही. नावं वाटेत फार बिघडतात, असा ह्यांचा अनुभव होता. मजकूर लहान ठेवायचा, विचार करायचा नाही, पुढं द्यायचा. हे सगळं ह्यांनी चहावाल्याला वर्गात शिकवल्यासारखं समजावलं होतं. चहावाला म्हणाला, "गुरुजी, मले समजलं, पन आता चहा घ्या."

त्या वर्षी भादव्यात पूर आला. तारा तुटल्या, तार ऑफिसही मुकं झालं. एरवी परवान्यात घरगुती निरोपांना मनाई होती, आपत्तीत तेवढी सूट. तेव्हा गावात सगळे रडवेले आणि आमचे हे संचापुढं नवरदेवासारखे ताजेतवाने.

अशात सकाळी मेडशीचा एक माणूस अकोल्यावरून फिरून आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या बाबाचं काही खरं नाही. तुमचा भाऊ बैलगाडी जुपून त्याईले वाशिमले आनतो म्हनते." बाबांना त्या पावसात गाडीत घातलं तर वाटेतच जातील, हे मला दिसत होतं. आणि मला त्यांना जिवंत पाहायचं होतं. दवाखान्यातून औषध दुपारची गाडी गेल्यावर मिळणार होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोल्यामार्गे निघायचं ठरलं. ह्यांनी निरोप तयार केला: आम्ही निघालो, तुम्ही तिथंच थांबा. आम्ही निघालो नव्हतो. पण निरोप पोचेपर्यंत निघालेले असू, असं ह्यांचं म्हणणं.

निरोप दोन्हीकडून सोडला. रेडिओवरून डॉक्टरांना, आणि तोंडी दुपारच्या गाडीच्या गार्डाला. संध्याकाळी मी पिशवी भरत होते, तेवढ्यात संचातून डॉक्टरांचा आवाज आला. जऊळक्याकडून निरोप आहे, म्हणाले. आम्ही निघालो, तुम्ही तिथंच थांबा.

भाऊ ऐकला नाही तर! बाबांना घेऊन जऊळक्यापर्यंत आलासुद्धा. मी कपाळावर हात मारला आणि पिशवी रिकामी केली.

दुसरा अख्खा दिवस मी वाशिम स्टेशनवर काढला. गाडी आली की डब्याडब्यात डोकावायचं, बैलगाडी दिसली की रस्त्यावर पळायचं. औषधाची बाटली पदराखाली. संध्याकाळी घरी आले, तर डॉक्टर संचातून विचारत होते, "मेडशीहून आलेला ड्रायव्हर म्हणतोय, म्हातारबुवा रस्त्याकडं खाट करून तुमची वाट बघताहेत. तुम्ही निघालात तरी कधी?"

मग उलगडा झाला. चहावाल्याला नाला भरल्याचं कळलं होतं. त्यानं एक निरोप मालेगावला अडकून पडलेल्या कंडक्टरला धाडला, आणि शंका नको म्हणून तोच निरोप त्याच गार्डाला पुन्हा सांगून अकोल्याला डॉक्टरांकडे पाठवला. डॉक्टरांना वाटलं, मेडशीचं उत्तर आलं. "सासर-माहेर एकाच तोंडानं बोलतं, याचं मला कौतुक वाटलं," म्हणाले. आमचाच निरोप जिल्हाभर फिरून आमच्याच घरी आला होता, आणि तो ऐकून मी स्टेशनवर बसले होते.

हे नुसते बटणं फिरवत राहिले. मला तो संच उचलून विहिरीत टाकावासा वाटला. आणि पाठोपाठ ह्यांनाही.

सकाळच्या गाडीनं आम्ही अकोला गाठलं, तिथून एसटीनं मेडशी. बाबांची खाट ओसरीवर, तोंड रस्त्याकडं. चेहरा ओळखू येऊ नये इतका उतरलेला, पण शुद्ध होती.

"आली का बाई? काहून उशीर झाला?"

"नाला भरला होता, बाबा."

"निरोप आलता. म्या या तुह्या भावाले सांगतलं, सोड ते बैलं, पोरगी निंगाली हाय." मग ह्यांच्याकडं पाहून म्हणाले, "जवाई, तुमचं ते रेडिओचं काम लय चांगलं हाय. लगेच समजलं."

ह्यांनी मान खाली घालून बाटलीचं बूच काढलं. मी औषध चमच्यात ओतलं. ते बाबांनी माझ्यासाठी गिळलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. मला एक दिवस मिळाला. दोन मिळाले असते. हे मी ह्यांना पुढं कितीतरी वेळा ऐकवलं, आणि ह्यांनी दर वेळी ऐकून घेतलं.

विहारातले लोक वंदना म्हणून गेले, त्यानंतर नाला उतरला आणि मालेगावची एसटी सुरू झाली. मी ओसरीवर बसले होते. खाट आत उचलून ठेवली होती. खाकी कपड्यातला कंडक्टर घर विचारत विचारत आला, चिखलानं माखलेला.

"बाई, जऊळक्याच्या चहावाल्यानं निरोप देल्ला होता, इथल्या बाबासाठी. मी नाल्यापाशी अडकलो, म्हनून उशीर झाला." मग पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणाला, "आमी निघालो, तुमी तिथंच थांबा."

मी त्याला पाणी दिलं. सांगते म्हणाले. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता.