पत्र्यांमागचा सिलिंडर

हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय, ठाऊक नाही — खाई त्याला खवखवे म्हणतात, तसंच असेल.

चिखलीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. जाड लोखंड कापायला ऑक्सिजन लागतो, म्हणून सिलिंडर कायम असायचे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्यांतला ऑक्सिजन संपत आला, तेव्हा आमच्यासारख्यांकडचे सिलिंडर न्यायला माणसं आली. मी दिले — हसत दिले. पुढे शाल-नारळ देऊन माझा सत्कारही झाला. तो फोटो अजून भिंतीवर आहे. काय म्हणावं या तोंडाला?

एक मात्र ठेवला होता. भरलेला. पत्र्यांच्या मागे, वर ताडपत्री टाकून. कुणासाठी? आईसाठी. आई धडधाकट होती — पण उद्या लागलं तर? कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हे ठरवताना तिकडे डॉक्टर रडत होते. मी इथं ताडपत्री ओढून मोकळा झालो होतो.

शेजारच्या गाळ्यात दत्ताभाऊ लेथ चालवतो. इथलाच, जुन्या गावातला. त्याची बायको, सुनीतावहिनी, त्याच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त घालायची. ती आजारी पडली. बेड मिळाला, पण दवाखान्यानं सांगितलं — ऑक्सिजन तुम्हीच आणा. दत्ताभाऊ माझ्या दारात आला.

"भावा, एखादा उरलाय का रं?"

नुसतं नाही म्हणालो असतो तर — पण मी पाना उचलला आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या सिलिंडरवर मारला. घंटेसारखा वाजला. रिकामा तसाच वाजतो, हे त्यालाही कळतं. मान हलवून तो गाडीवर बसला आणि चाकणच्या ऑक्सिजन प्लँटकडे गेला. मिळेल तिथं विचारत फिरला. मिळाला नाही.

वहिनी दुसऱ्या दिवशी गेली.

वाचली असती का? माहीत नाही. हा प्रश्न माझ्या सोयीचा आहे, म्हणून मी तो स्वतःला फार वेळा विचारलाय.

आईला काहीच झालं नाही. पावसाळा सरल्यावर दत्ताभाऊ एक जाड प्लेट घेऊन आला — लेथखाली घालायला कापून हवी होती. मी ताडपत्री काढली. एव्हाना सिलिंडर पुन्हा मिळू लागले होते, पण मी तोच जोडला. दत्ताभाऊ शेजारी प्लेटचं टोक धरून उभा, आणि मी त्याच्या बायकोचा श्वास त्याच्याच लोखंडावर जाळत होतो.

काम झाल्यावर घाम पुसत तो म्हणाला, "तवा तुज्याकडं असता, तर तू दिलाच असतास. मला ठाव हाय."

मी "हो" म्हणालो.