कप येण्याआधीचे राव सर

वेंकोबाराव सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्याच लग्नात झाली. ते जेवायला आले नव्हते. नवरदेवाला घेऊन जायला आले होते.

सकाळचा मुहूर्त आटोपला होता. वेस्ट मांबलमच्या कल्याण मंडपात दुसरी पंगत बसली होती आणि आम्ही दोघं वाकून वाकून दमून खुर्च्यांवर टेकलो होतो. तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ आमच्यासमोर येऊन उभे राहिले. ह्यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मला हात जोडून म्हणाले, "अम्मा, सात जण पाहिजेत. सहाच आहेत."

"कसले सात?" मी विचारलं. नव्या नवरीनं फार बोलू नये असं मिरजेहून निघताना आईनं बजावलं होतं, पण तोंडातून निघून गेलं.

माझे वडील धावत आले. "अहो, नवरदेव आहे तो! अंगाची हळदसुद्धा गेली नाही अजून."

"हळद असूं द्या, मामा. आमची जर्सी पिवळीच आहे," सर म्हणाले. "दोन तासांत मापिळ्ळैला इंगडेच आणून सोडतों." मापिळ्ळै म्हणजे तमिळमध्ये जावई आणि इंगडे म्हणजे इथे, हे मला नंतर कळलं. सरांचं घराणं मूळचं तंजावरचं, त्यांची मराठी तिकडची.

मग त्यांनी ताटातल्या सुपाऱ्या उचलून माझ्यापुढच्या पाटावर मांडल्या. फुटबॉलला अकरा जण लागतात. सात असले तरी पंच खेळ सुरू करतात. सहा असले तर करत नाहीत, समोरच्या संघाला न खेळता विजय देतात. त्याला वॉकओव्हर म्हणतात. असा एक वॉकओव्हर आधीच्या सामन्याला देऊन झाला होता. लागोपाठ दुसरा दिला की ह्यांच्या कॉलेजचं नाव स्पर्धेतून काढतात. प्राचार्य त्याचीच वाट बघत होते. नाव गेलं की संघ बंद करायचा आणि मैदानावर नवी इमारत बांधायची.

"सात झाले तर जिंकाल का?" मी विचारलं.

"छे छे, अम्मा. हरणार. पण खेळून हरणार."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी तोवर मुंडावळ्या काढून आपल्या मामांच्या हातात दिल्या होत्या. मी म्हटलं, "जा." मामा मागून मोठ्यानं म्हणाले, "पहिल्याच दिवशी सुटलास! नशीबवान आहेस लेका." संध्याकाळच्या रिसेप्शनला हे ओल्या केसांनी, लंगडत आले. नऊ गोलांनी हरले होते. त्यांच्यामागून सर आणि पिवळ्या जर्सीतले बाकीचे सहा जण आले आणि शेवटच्या पंगतीला असे जेवले की आचाऱ्यानं पुन्हा भात लावला.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात कपांविषयी लिहायला पुष्कळ जाणती माणसं आहेत. मी संपादकांकडे ही पानं मागून घेतली, त्याला कारण आहे. मैदानाच्या फाटकाशी आता संघाच्या इतिहासाचा चकचकीत बोर्ड लावला आहे. त्यावरचा इतिहास पहिल्या कपापासून सुरू होतो. माझे यजमान दत्तात्रय ज्या संघात खेळले तो त्या बोर्डावर नाही. मी सरांना म्हटलं, "तुम्ही सांगून दुरुस्त का करून घेत नाही?" सर हसून म्हणाले, "बोर्ड लहान आहे, अम्मा." मला मात्र ते हसण्यावारी नेता येत नाही. जो संघ टिकवण्यासाठी सरांनी इतकी वर्षं घालवली तो कुठेतरी लिहिलेला असावा. नाहीतर आमच्यामागे तो नव्हताच असं होईल.

तेव्हाचं कॉलेज संध्याकाळचं होतं. दिवसा गिंडीच्या कारखान्यांत काम करायचं आणि संध्याकाळी बी.कॉम.च्या वर्गात बसून पेंगायचं, अशी तिथली मुलं. मुलं म्हणायचं एवढंच, काहींना पोरं होती. सर तिथे नुकतेच शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून लागले होते. सामने दुपारचे असत आणि खेळाडू दुपारी मशीनवर. सराव पहाटे, पहिल्या पाळीच्या आधी. त्यामुळे सरांचं निम्मं काम मैदानावर नव्हतं, कारखान्यांच्या फाटकांवर होतं. आज कुणाला सोडता, उद्या कुणाला सोडता, असं विचारत ते सायकलवरून फिरत.

एका कारखान्याचा फोरमन फार खडूस होता. "माझी लेथ बंद ठेवून तुमचा बॉल उडवायचा काय?" असं त्यानं सरांना फाटकातच ऐकवलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे लाइनीवर उभं राहायला कडक माणूस नाही. तुम्ही येता का?" तो खरंच आला. हातात झेंडा घेऊन रेषेवर उभा राहिला आणि पुढच्या सामन्यापासून आपणच माणसं वेळेवर पाठवू लागला. आमच्या खेळाडूंना सगळ्यात जास्त शिव्या त्याच्याच बसत, पण त्याच्या खात्यातला माणूस कधी कमी पडला नाही.

मला या सगळ्याचं कुतूहल होतं. घरी आल्यावर मी ह्यांना विचारायची, "हरल्यावर सर काय बोलतात?" ह्यांचं उत्तर, "काही नाही." ते मला पटेना. म्हणून एकदा मीच मैदानावर गेले. सामना संपला, आमच्यावर पाच गोल झाले होते, सगळे गवतावर पडले होते. सर मधे बसले आणि एकेकाला विचारू लागले, "त्यांचं काय चांगलं बघितलंस?" प्रत्येकानं समोरच्या संघाची एक चांगली गोष्ट सांगायची, हा त्यांचा नियम होता. "काही नाही" हे उत्तर चालत नसे.

लेथवर काम करणारा मणी म्हणाला, "सर, त्यांचा मधला खेळाडू बॉल पायाशी यायच्या आधीच मान वळवून मागे बघतो."

"कशाला बघतो?"

"मागे कोण आहे ते आधीच कळतं ना, सर."

सरांना ते इतकं आवडलं की आठवडाभर पहाटे तेवढंच शिकवलं. पुढच्या सामन्यात आमचे सगळेच एकदम मागे बघायला लागले आणि बॉल त्यांच्यामधून निघून गेला. गोलकीपरसुद्धा मागे, जाळीकडे बघत होता. समोरचा संघ हसून हसून खाली बसला. मी घाबरून सरांकडे पाहिलं, तर तेही डोळे पुसत होते. "चुकलं माझं," ते म्हणाले. "कधी बघायचं ते सांगायला विसरलों."

पुढे मणी त्याच कॉलेजचा प्रशिक्षक झाला आणि पहिला कप त्याच्या हाताखाली आला. तोवर कॉलेज दिवसाचं झालं होतं, वसतिगृह आलं, बाहेरगावचे खेळाडू आले. आज तिथे पोचल्या पोचल्या प्रत्येक मुलाला मान वळवून मागे बघायला शिकवतात. ते कुठून आलं हे त्यांना ठाऊक नाही.

सरांनी माझ्यासाठी जे केलं तेही सांगायला हवं. माझी शाळा सातवीत सुटली. मैदानावर बसून मी सरांना सारखं काहीतरी विचारत असे, ऑफसाइड म्हणजे काय, कॉर्नर कधी. एकदा ते म्हणाले, "अम्मा, मी सांगतों ते अर्धं असतं. तुम्ही स्वतः वाचा." महाराष्ट्र मंडळात पुस्तकांचं एक कपाट होतं, ते वर्षानुवर्षं बंद. सरांनी किल्ली मिळवून दिली. खेळाचं पुस्तक त्यात एकही नव्हतं. बाकी जे होतं ते मी हळूहळू सगळं वाचलं. प्रवासवर्णनं, चरित्रं, एक मधमाश्या पाळण्याचं पुस्तकसुद्धा. सर भेटले की विचारायचे, "आता काय चाललंय?" मधमाश्यांबद्दल त्यांनी माझ्याकडून तासभर ऐकून घेतलं. शिकलेल्या माणसानं मला काही विचारावं, आणि उत्तर ऐकायला थांबावं, हे माझ्या आयुष्यात तोवर झालं नव्हतं.

ह्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. शेवटचं आजारपण लांबलं. मुलगी पेरुंगुडीच्या ऑफिसातून येईपर्यंत हॉस्पिटलात मी एकटी असे. ह्यांना दाखल केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर जुना गोलकीपर डबा घेऊन दारात. त्याच्या पुढच्या दिवशी मणी. मग तो लाइनीवरचा फोरमन, काठी टेकत. रोज कुणीतरी यायचंच. मला वाटलं, माणसं चांगली आहेत, आपणहून येतात. चांगली होतीच, पण सकाळी सर प्रत्येकाला फोन करत होते, हे मला फार उशिरा कळलं. तीच जुनी रीत. आज कुणाला जमतं, उद्या कुणाला जमतं.

हे गेल्यानंतर सर घरी येऊन बसत. समजूत घालायला त्यांना जमत नाही, आणि घालत नाहीत ते बरं. असंच एकदा कॉफी देताना मी त्यांना विचारलं, "सर, एक खरं सांगा. हे चांगलं खेळायचे का?"

लग्नापासून मला हे जाणून घ्यायचं होतं. ह्यांना विचारलं की विषय बदलत. सरांना ह्यांच्या देखत विचारता आलं नाही. घरातली इतकी कामं बाजूला ठेवून, लंगडत घरी येऊन, हा माणूस तिथे काय करत होता ते मला हवं होतं. आणि सर खोटं बोलणार नाहीत याची खात्री होती.

सरांनी कप खाली ठेवला. "मला माहीत नाही, अम्मा."

"म्हणजे?"

"दत्ताला पुढे खेळायचं होतं. गोल करायला. मी कधी ठेवलंच नाही. जो आला नसेल त्याच्या जागी दत्ता. कधी मागे, कधी डावीकडे, एकदा गोलमध्ये. त्याची स्वतःची जागा त्याला मिळालीच नाही. मग तो चांगला होता का वाईट, मला कसं कळणार?"

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण "फार छान खेळायचा हो" असं खोटंच ते म्हणाले असते, तर मी त्या दिवशी ह्यांना आणखी थोडं गमावलं असतं.

आठवड्यानं सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. "अम्मा, एक आठवलं. एका सामन्यात शेवटी शेवटी दत्ता आपणहून पुढे पळाला होता. बॉल नव्हता त्याच्याकडे. नुसताच पळाला. मी ओरडलों, मागे ये."

"मग?"

"आला."

मग सर म्हणाले, "ओरडायला नको होतं."

तेव्हापासून सरांना असं काही ना काही आठवत असतं. एकदम सगळं नाही, एकेक. कधी पावसातला सामना, कधी ह्यांनी फोरमनला दिलेलं उत्तर. मी विचारते, ते "बघतों" म्हणतात आणि काही दिवसांनी फोन येतो. ह्यांच्याबद्दल नवीन काही कळण्याची एवढीच एक जागा आता माझ्याकडे उरली आहे. आणि त्या जुन्या संघाबद्दल तर सगळ्यांकडेच ही एवढीच जागा उरली आहे.

म्हणून सरांच्या पंच्याहत्तरीला मी जे मागते आहे त्यात माझा स्वार्थ आहे, हे उघड सांगते. सरांचे गुडघे धड राहोत, कान शाबूत राहोत, मांबलम स्टेशनचा जिना त्यांना अजून बरीच वर्षं चढता येवो. त्यांना सावकाश आठवतं आणि मलाही विचारायची घाई नाही. तेवढं सगळं बोलून होईपर्यंत त्यांना आयुष्य मिळो. त्या सामन्यात हे आपणहून पुढे पळाले ते कुठल्या बाजूनं, हे मी अजून विचारलेलं नाही.